खाऱ्या पाण्याची टाकी, तीही पुण्यात: प्रवाळ ठेवावेत का, कुठले, कसे?

कोथरूडचा_मासा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

गोड्या पाण्याच्या टाक्या घरात बरीच वर्षं आहेत. झाडं लावून झाली, टेट्रा झाले, डिस्कसचे लाड झाले. आता खाऱ्या पाण्याचं वेड डोक्यात शिरलंय. नुसते मासे नकोत, प्रवाळांसकट टाकी हवी. फ्लॅट कोथरूडला, तिसरा मजला, बिल्डिंग जुनी. टाकी चार बाय दोन बाय दोन फुटांची घ्यावी असा बेत आहे. घरून परवानगी मिळाली. अट एवढीच की हॉलमध्ये पंपाची घरघर नको आणि दिवाणाखाली मिठाची पोती नकोत. पहिली अट जमेल, दुसरीचं सांगता येत नाही.

व्हिडिओ भरपूर पाहिले, पण सगळे अमेरिका-जर्मनीतले. त्यांना हीटरची चिंता, आपल्याकडे एप्रिलमध्ये गच्चीवरच्या टाकीतून पाणीच कढत येतं. मला इथलं सांगा. चिलर, म्हणजे पाणी थंड करायचं यंत्र, घ्यावाच लागतो का? पाणी कुठलं वापरता? गुरुवारी आमच्याकडे वीज जाते, तेव्हा काय करायचं? आणि एका दुकानात 'हॅमर' आणि 'ब्रेन' नावाची प्रवाळं पाहिली. भाव ऐकून घाम फुटला, पण रंग असे की पाय निघेना. ती घ्यावीत का?

जाणकारांनी प्रकाश टाकावा. निळा टाकलात तर उत्तम.

खारंवारं

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. बाकीचं काही चुकलं तर पैसे जातील, हे चुकलं तर वनखातं दारात येईल.

हॅमर, ब्रेन, टॉर्च, अक्रोपोरा, मॉन्टिपोरा ही सगळी कठीण प्रवाळं, म्हणजे चुनखडीचा सांगाडा बांधणारी. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत ती २००१ साली आली आणि २०२२ ची दुरुस्ती झाल्यावरही तिथेच आहेत. सोबत काळं प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि समुद्रपंखे. वाघ ज्या अनुसूचीत, त्याच अनुसूचीत. शिक्षा तीन ते सात वर्षं कैद आणि वर दंड. दुकानदार हमखास सांगतो, "साहेब, हे इंडोनेशियाचं आहे, आपल्या समुद्रातलं नाही." यादीत देश लिहिलेला नाही, 'सर्व' असं लिहिलंय. समुद्री घोडे आणि समुद्री काकड्यासुद्धा याच कायद्याखाली आहेत. दुकानात दिसले म्हणजे चालतात, असं समजू नका.

'लाइव्ह रॉक' म्हणून जो खडक विकतात, तोही बहुतेक वेळा प्रवाळाचा जुना सांगाडाच असतो. तो समुद्रातून काढलेला असेल तर हात लावू नका. सिरॅमिकचा किंवा कारखान्यात बनवलेला कोरडा खडक मिळतो, तो घ्या. जिवाणू वस्तीला यायला वेळ लागतो, पण येतात.

मग उरतं काय? भरपूर उरतं. मश्रूम, झोआ, लेदर, झेनिया, केनिया ट्री, ग्रीन स्टार पॉलिप. ही मऊ मंडळी आपल्या हवेला जास्त सोसतात, खर्च निम्म्याहून कमी आणि हलतात-डुलतात. व्हिडिओतली टाकी विसरा. आपल्याकडे जी टाकी कायद्यानेही चालते आणि उन्हाळ्यातही टिकते, ती मऊ प्रवाळांची.

वाचनमात्र_वामन

वाचतोय. वाखू (वाचनखूण) साठवली.

सिव्हिल_काका

माशांतलं कळत नाही, पण 'जुनी बिल्डिंग, तिसरा मजला' वाचून राहवलं नाही.

चार बाय दोन बाय दोन म्हणजे १६ घनफूट, साधारण ४५० लिटर. काठापर्यंत भरत नाहीत म्हणून ४२० धरा. १२ मिलिमीटर काचेचं वजन नव्वद किलोच्या आसपास. खडक, वाळू, खाली दुसरी टाकी असते म्हणे, तिचं पाणी, स्टँड. सात-साडेसातशे किलो सहज झाले. राहत्या घराचा स्लॅब दर चौरस मीटरला २०० किलोच्या वापरभाराला धरून काढतात. तुमच्या टाकीखाली पाऊण चौरस मीटर जागा. म्हणजे दहा-अकरा धडधाकट माणसं एका कोपऱ्यात कायमची उभी केल्यासारखं.

याचा अर्थ स्लॅब उद्या कोसळेल असा नाही. हा भार खोलीभर पसरलेला धरतात, तुमची बाकी खोली रिकामी असते आणि हिशोबात हात राखलेला असतो. पण टाकी खोलीच्या मध्यावर नको. बीमवर किंवा बीमला लागून, भिंतीलगत, लांबी स्लॅबच्या सळ्यांना आडवी. बाल्कनीत तर मुळीच नको, ती बाहेर लोंबकळणारी असते. छताला ओल, सळया उघड्या, गंज असं काही दिसत असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनियरला दाखवा. सोसायटीच्या सेक्रेटरीला नंतर.

कोथरूडचा_मासा

काका, दंडवत. छतावर बाथरूमच्या बाजूला ओल आहे. चार फुटी टाकीचा विचार आजपासून रद्द. तीन बाय दीड बाय दीड केली तर?

सिव्हिल_काका

१९० लिटर. सगळं मिळून साडेतीनशेच्या आत. माझी हरकत नाही, पण ओलीचा बंदोबस्त आधी करा.

खारंवारं

मापही उत्तम. त्याहून लहान घेऊ नका. गोड्या पाण्यात छोटी टाकी सोपी, इथे उलट. पाणी जितकं कमी, तितकं ते लवकर बिघडतं.

आता तापमान. इथे पुणेकरांचं नशीब चांगलं आहे, हे मी ठाण्यात बसून जळून सांगतोय. पाण्यावर पंखा सोडला की बाष्पीभवन होतं आणि पाणी थंड पडतं, माठातल्यासारखं. पण हवा आधीच दमट असेल तर पाणी उडणार कुठे? पुण्यात एप्रिलमध्ये पारा ३९ वर गेला तरी हवा कोरडी. चार छोटे पंखे लावले की टाकी २७ च्या आसपास राहते. मुंबई-ठाण्यात मे महिन्यात पारा ३४ च असतो, पण पंखा लावून काही उपयोग नाही. टाकी तिशीच्या पुढे सरकते आणि चिलर घ्यावाच लागतो. थोडक्यात, पुण्याचा एप्रिल ठाण्याच्या मेपेक्षा टाकीला सोपा. फक्त वळवाच्या पावसानंतरचे दमट दिवस जपा.

पंख्याची किंमत वेगळीकडे चुकवावी लागते. पाणी उडतं, मीठ मागे राहतं. १९० लिटरमधलं चार लिटर पाणी उडालं तर ३५ ची क्षारता (हजार ग्रॅम पाण्यात ३५ ग्रॅम क्षार) पावणेछत्तीसपर्यंत जाते. उन्हाळ्यात एवढं पाणी एका दिवसात उडू शकतं. म्हणून उडालेल्या पाण्याच्या जागी नेहमी गोडं पाणी घालायचं, खारं नाही. नवखे लोक इथे गडबडतात. हे काम करायला सेन्सर आणि छोटा पंप मिळतो, त्याला सगळे एटीओ म्हणतात. पैसे वाचवायचे तर दिव्यात वाचवा, एटीओत नको.

पेठेतली_आत्या

गोडं पाणी म्हणजे नळाचं?

खारंवारं

नाही आत्या. आरओ आणि त्यापुढे उरलेले क्षार शोषणारं डीआय रेझिन. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, शून्य. घरचा प्यायच्या पाण्याचा प्युरिफायर थेट चालत नाही, कारण बहुतेकांत टीडीएस कंट्रोलर असतो आणि तो चव यावी म्हणून थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. तो बंद करून पुढे रेझिनचा डबा जोडला तर काम भागतं. धरणाचं पाणी तसं हलकं असतं. रेझिन बरेच दिवस पुरतं. टँकरचं बोअरचं पाणी आलं की मात्र आठवड्यात रंग बदलतं. आरओचं वाया जाणारं पाणी फरशी पुसायला ठेवा, म्हणजे घरचे बोलणार नाहीत.

तळकोकणी

एवढा खटाटोप कशाला? मालवणात या, समुद्राचं पाणी फुकट आहे. कॅन भरून न्या.

खारंवारं

भाऊ, १९० लिटर म्हणजे १९० किलो. शिवाय दर पंधरा दिवसांनी बदलायला आणखी. पेट्रोलच्या पैशात मीठ येतं.

तळकोकणी

गंमत केली. तरी खरं सांगतो, आमच्याकडे दिवाळीनंतर ते मेपर्यंत, खाडीच्या तोंडापासून लांब, खडकाळ बाजूचं पाणी छान असतं. पावसाळ्यात कोणी फुकट दिलं तरी घेऊ नये. नद्यांचं पाणी येऊन क्षारता कोसळते, गाळ येतो, शेतातलं खतही येतं. मुंबईच्या किनाऱ्याचं पाणी तर बारा महिने नको, कारण सांगायला नको.

आणि टाकीवाल्यांनी एकदा तरी सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूला पाण्यात डोकं घालून बघावं. १९८७ पासून तिथे सागरी अभयारण्य आहे. प्रवाळ आहेत, पण टीव्हीवर दाखवतात तसे निळे-जांभळे नाहीत. तपकिरी, हिरवट, गाळात तग धरून बसलेले. स्नॉर्केलिंगवाले पर्यटक त्यांच्यावर पाय देऊन फोटो काढतात आणि बोटीचे नांगर त्यांच्यावरच पडतात. काहीजण वाळलेला तुकडा आठवण म्हणून खिशात घालतात. वरचा कायदा त्या तुकड्यालाही लागू आहे, हे त्यांच्या गावी नसतं.

सातारकर_जर्सीत

इथे न्यू जर्सीत माझ्याकडे कठीण प्रवाळांची टाकी आहे. इथे ती कायदेशीर, म्हणून त्यातला अनुभव सांगतो. तुम्हाला तिचा मोह कमी व्हावा हाच हेतू.

कठीण प्रवाळ रोज पाण्यातून कॅल्शियम आणि अल्कलिनिटी ('अल्क', पाण्याची आम्ल पचवायची ताकद) खातात. कॅल्शियम ४०० ते ४५०, अल्क ८ ते ९, मॅग्नेशियम १३०० च्या आसपास, आणि आकड्यांपेक्षा महत्त्वाचं म्हणजे ते हलता कामा नयेत. अल्क साडेसातवर स्थिर असलेली टाकी सुखात असते. आज आठ, परवा दहा, पुन्हा आठ असं झालं की अक्रोपोराची टोकं जळतात. मग डोसिंग पंप, मग टेस्ट किट, मग रात्री अकराला नळीत थेंब मोजत बसा. माझी बायको त्याला संध्याकाळची पूजा म्हणते.

इथेही सगळं मोकळं नाही. २०१४ साली प्रवाळांच्या २० जाती धोक्यात म्हणून संघीय कायद्याखाली आल्या. इंडोनेशियाने २०१८ मध्ये निर्यात थांबवली तेव्हा दुकानं ओस पडली होती. त्याचा फायदा असा झाला की लोक एकमेकांकडचे तुकडे वाढवायला लागले. आता माझ्या टाकीतलं बहुतेक प्रवाळ कोणाच्या ना कोणाच्या तळघरात वाढलेलं आहे.

मऊ प्रवाळांना यातलं काही लागत नाही. चांगल्या मिठाने दर पंधरवड्याला दहा-पंधरा टक्के पाणी बदललं की कॅल्शियमबिल्शियम आपोआप भरून निघतं.

पानवाला_पिंट्या

ते कॅल्शियमसाठी लोक 'काल्कवासर' की काय म्हणतात, ते म्हणजे चुन्याची निवळीच ना? मग आमच्या टपरीवरचा चुना चालेल काय? एक डबी तुम्हाला फुकट.

खारंवारं

हसू नका, प्रश्न बरोबर आहे. रसायन तेच, कॅल्शियम हायड्रॉक्साइड. लिटरभर पाण्यात जेमतेम दीड ग्रॅम विरघळतं, बाकी तळाला बसतं. वरची निवळी थेंबथेंब, शक्यतो रात्री सोडायची, कारण रात्री टाकीचा पीएच उतरलेला असतो. निवळीचा पीएच बाराच्या वर असतो. एकदम ओतली तर टाकीत दुधासारखा साका होतो आणि सगळे जीव जातात. पानाच्या चुन्यात मात्र काय काय असतं ते कोणी तपासत नाही. प्रयोगशाळेच्या दर्जाचा चुना रसायनांच्या दुकानात मिळतो आणि महागही नाही. तुमची डबी पानालाच ठेवा. मऊ प्रवाळांच्या टाकीला दोन्हींची गरज नाही.

प्राणीबाई

कॉलेजात प्राणीशास्त्र शिकवते. वर झोआ घ्या म्हणून सहज लिहिलंय, तिथे एक इशारा जोडणं आवश्यक आहे. कृपया हे नीट वाचा.

झोआ आणि विशेषतः त्यांचे तपकिरी भाऊबंद पॅलिथोआ यांच्यात पॅलिटॉक्सिन नावाचं विष असू शकतं. निसर्गातल्या सर्वांत जहाल विषांपैकी हे एक. १९७१ साली हवाईतल्या पॅलिथोआमधून ते पहिल्यांदा वेगळं केलं गेलं. पेशीच्या आवरणात सोडियम बाहेर टाकणारा आणि पोटॅशियम आत घेणारा पंप असतो. हे विष त्या पंपालाच उघडं भोक बनवतं. हृदय, स्नायू, श्वसन सगळ्यांवर परिणाम होतो. उतारा नाही, फक्त लक्षणांवर उपचार.

टाकीत शांत बसलेल्या झोआपासून धोका नाही. धोका माणसाच्या हुशारीमुळे होतो. नको असलेली वसाहत मारायची म्हणून खडक बाहेर काढून त्यावर उकळतं पाणी ओतायचं, किंवा ब्रशने खरवडायचं. वाफेतून आणि तुषारांतून विष हवेत जातं आणि घरातले सगळे आजारी पडतात. असे प्रसंग वैद्यकीय नियतकालिकांत नोंदले गेले आहेत, कुत्र्या-मांजरांसकट. तोंडात कडवट किंवा धातूसारखी चव, थंडी वाजून ताप, खोकला, धाप, अंगदुखी अशी लक्षणं दिसली तर घराबाहेर पडा, रुग्णालयात जा आणि 'पॅलिटॉक्सिन' हा शब्द डॉक्टरांना लिहून द्या. त्यांनी तो ऐकलेलाच असेल असं नाही.

तुकडे करायचे तर पाण्याखाली, जाड हातमोजे आणि चष्मा घालून. हाताला जखम असेल त्या दिवशी टाकीत हात नाही. व्हिनेगरने हे विष मरत नाही. घरच्या ब्लीचच्या द्रावणाने निकामी होतं.

कोथरूडचा_मासा

बाप रे. घरात लहान मुलगी आहे. झोआ रद्द?

प्राणीबाई

पहिल्या वर्षी तरी ठेवू नका. मश्रूम आणि लेदर घ्या. लेदर वाढताना बघणं हाच मोठा कार्यक्रम असतो. एके दिवशी ते सगळे पॉलिप आत ओढून घेतं, रंग मातकट होतो, कातडीवर चकचकीत मेणचट पापुद्रा चढतो. आठवडाभर तसंच मिटून बसतं. नवखा माणूस घाबरून पाण्यात काहीबाही ओततो. काही करायचं नाही, फक्त प्रवाह थोडा वाढवायचा. पापुद्रा कडेने सुटतो, फडफडतो, निघून जातो, आणि दुसऱ्या दिवशी शेंड्यावर नवे पांढरे पॉलिप उभे राहतात. अंगावर जमलेलं शेवाळ झटकायची त्याची ही रीत.

एक मात्र आहे: लेदर पाण्यात स्वतःची रसायनं सोडतं, शेजाऱ्यांनी जवळ येऊ नये म्हणून. छोट्या टाकीत ती रसायनं शोषून घेणारा चांगला कार्बन गाळणीत कायम चालू ठेवा.

सातारकर_जर्सीत

आणि ग्रीन स्टार पॉलिप मुख्य खडकावर लावू नका. वेगळ्या दगडावर, चारी बाजूंनी वाळू ठेवून. नाहीतर वर्षभरात फक्त तेच दिसेल.

उगीच_विरोधक

मला कळत नाही, समुद्रातले जीव काचेच्या खोक्यात डांबून, त्यांच्यासाठी दिवसरात्र वीज जाळून कसला निसर्ग बघता? कायद्याचं पुराण वाचलं, पण नैतिकतेचं काय?

खारंवारं

विजेचा हिशोब मांडतो. पंप आणि वेव्हमेकर (टाकीतलं पाणी हलतं ठेवणारा) मिळून ४० वॅट, चोवीस तास: एक युनिट. दिवा ९० वॅट, नऊ तास: पाऊण युनिट. पंखे, स्किमर (पाण्यातली घाण फेसातून काढणारा) धरून दिवसाला अडीच. महिन्याला ७५ च्या आसपास. चिलर आला तर दीडशेच्या पुढे. कमी नाही, मान्य.

नैतिकतेबद्दल: जंगली मासा घेऊ नये, या बाबतीत मी तुमच्या बाजूला आहे. फिलिपिन्समध्ये साठच्या दशकापासून प्रवाळात सायनाइड फवारून मासे गुंगवून पकडत आले. मासा दुकानापर्यंत पोचतो, मागचं प्रवाळ मरतं, आणि पुष्कळ मासे नंतर आठवड्याभरात जातात. पण क्लाउनफिश आता सगळीकडे हॅचरीत होतो. आपल्याकडे केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेने त्याची पैदास यशस्वी केली आहे, आणि ऐरोलीला कांदळवन प्रतिष्ठानच्या केंद्रातही शोभिवंत समुद्री माशांची हॅचरी आहे. तिथली पिल्लं किनाऱ्यावरच्या गटांना वाढवायला देऊन त्यांना उत्पन्न मिळावं, हा त्यातला हेतू. असा मासा पहिल्या दिवसापासून दाणे खातो, जंगली मासा कधीकधी उपाशी मरतो पण दाण्याला तोंड लावत नाही.

उगीच_विरोधक

क्लाउनफिशचं समजलं. प्रवाळांचं? तुमचं मश्रूम कुठल्या हॅचरीत झालं? आणि २०२४ च्या उन्हाळ्यात लक्षद्वीपची प्रवाळं उष्णतेने पांढरी पडली, त्या वेळी तुमच्या चिलरची वीज कोळशातूनच आली ना?

तळकोकणी

हा मुद्दा मात्र बिनतोड आहे.

खारंवारं

आहे. माझ्याकडची मश्रूम दुसऱ्या टाकीवाल्याकडून आली, त्याच्याकडची तिसऱ्याकडून. मूळ कुठेतरी समुद्रातच आहे, नाकारत नाही.

पेठेतली_आत्या

भांडू नका रे. अवांतर: तारापोरवाला मत्स्यालय आठवतं का कोणाला? माझ्या लहानपणी मुंबईला गेलं की राणीचा बाग, गेटवे आणि तारापोरवाला. १९५१ सालचं ते. २०१५ मध्ये बोगदा-बिगदा करून नवं केलं होतं, भाच्याला घेऊन गेले होते. २०२२ पासून इमारत धोकादायक म्हणून बंदच.

वरळीची_ओहोटी

आत्या, मुंबईत आता काचेशिवाय बघता येतं. ओहोटीच्या वेळी हाजीअली, जुहू, कार्टर रोडच्या खडकांवर जा. झोआंचे हिरवे-तपकिरी गालिचे, समुद्री फुलं, खेकडे, नशीब असेल तर ऑक्टोपस. २०१७ पासून मरीन लाइफ ऑफ मुंबईची मंडळी लोकांना घेऊन किनाऱ्यावर फिरतात. कोस्टल रोडच्या वेळी २०२० मध्ये वरळी-हाजीअलीच्या खडकांवरची प्रवाळं परवानगी काढून दुसरीकडे हलवली, तेव्हा अर्ध्या मुंबईला कळलं की इथे प्रवाळ आहेत.

आणि हो, तिथली झोआ उपटून टाकीत नेऊ नका. प्राणीबाईंचा प्रतिसाद वर आहेच.

कोथरूडचा_मासा

सगळ्यांचे मनापासून आभार. विरोधकांचा मुद्दा मनात ठेवतो. मासे हॅचरीचेच घेईन. अजून दोन शंका. वीज गेल्यावर काय, आणि नवे मासे वेगळे ठेवायचे म्हणजे किती दिवस? गोड्या पाण्यात पांढरे ठिपके आले की मी मीठ टाकून तापमान वाढवायचो. इथे मीठ तर आधीच आहे!

सातारकर_जर्सीत

इथला ठिपक्यांचा परजीवी वेगळा, क्रिप्टोकॅरियन. तो माशाच्या अंगावरून गळतो, तळाला कोशात जातो आणि कित्येक आठवड्यांनी परत उठतो. ठिपके दिसेनासे झाले म्हणजे गेला, असं नाही. औषध तांबं, तेही वेगळ्या टाकीत आणि रोज मोजून. मुख्य टाकीत तांब्याचा थेंबही नको, प्रवाळ, कोळंब्या, गोगलगायी सगळं संपेल. प्रत्येक नवा मासा महिनाभर वेगळ्या टाकीत. मुख्य टाकीत रोग शिरलाच तर सगळे मासे बाहेर काढून ती ढोबळमानाने अडीच महिने माशांविना ठेवावी लागते. त्यापेक्षा महिनाभर थांबणं परवडतं. साधी टाकी, स्पंज फिल्टर, पीव्हीसी पाइपचे दोन तुकडे, बस.

खारंवारं

विजेचं: क्रम लक्षात ठेवा. आधी पाण्याची हालचाल, मग तापमान, दिवा शेवटी. खाऱ्या गरम पाण्यात प्राणवायू मुळात कमी विरघळतो, आणि प्रवाह थांबला की काही तासांत मासे पृष्ठभागाला येतात. दिवा मात्र दोन दिवस नसला तरी कोणी मरत नाही. म्हणून घरच्या इन्व्हर्टरवर फक्त वेव्हमेकर घ्या, २०-३० वॅटला बॅटरी बराच वेळ पुरते. बॅटरीवरचा हवेचा पंप मासेमारीच्या सामानाच्या दुकानात मिळतो, तो एक कपाटात असू द्या. गुरुवारी पाणीही नसतं, तेव्हा पाणी बदलायचा दिवस गुरुवार ठेवू नका.

सुरुवातीचं: कोरडा खडक, खारं पाणी, अमोनियाचे थेंब आणि बाटलीतले जिवाणू. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येईपर्यंत, म्हणजे चार ते सहा आठवडे, एकही मासा नाही. दुकानदार 'सायकलिंगसाठी', म्हणजे जिवाणू वस्तीला यावेत म्हणून, डॅमसेल मासा देईल, घेऊ नका. तो वाचला तर पुढे सगळ्यांना चावत फिरतो. नंतर खडक तपकिरी होईल, मग हिरवा होईल, घरचे 'यासाठी एवढे पैसे?' असं विचारतील. तो काळ जातो. क्षारता मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर ३५ च्या तयार द्रावणावर जुळवून घ्या, साध्या पाण्यावर नको.

मग क्लाउनफिशची जोडी, दोन्ही लहान, एकाच वेळी. कोणता नर, कोणती मादी हे विचारू नका. सगळे नर म्हणूनच वाढतात. जो मोठा होतो तो मादी. लहान मासा तिच्यापुढे आडवा होऊन थरथरतो, तेव्हा समजा ठरलं. समुद्री फूल लगेच घेऊ नका. क्लाउनफिशला त्याच्यावाचून काही अडत नाही, आणि ते फिरत फिरत वेव्हमेकरमध्ये गेलं की टाकीच नासते.

कोथरूडचा_मासा

काचवाल्याला उद्या फोन करतोय. तीन बाय दीड बाय दीड, १० मिलिमीटर. अजून काही सांगायचं?

खारंवारं

मागच्या काचेला ओव्हरफ्लोची (जास्तीचं पाणी खालच्या टाकीत उतरवणारी) भोकं टाकी जोडायच्या आधी पाडून घ्या, दोन, एक तुंबलं तर दुसरं. आणि साधी काच आहे ना हे विचारा. टफन्ड काचेला नंतर भोक पाडायला गेलात तर तिचा चुरा होतो.